रंग डीएलएलमध्येच शोभतो

वेबपानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसच्या फाईलवर विश्वास ठेवू नका. ती कोणीही उघडतं. नोटपॅडमध्ये उघडली, दोन ओळी बदलल्या, सेव्ह केली, की पूर्ण साइटचा रंग बदलतो आणि या सगळ्यात तुम्हाला कोणी विचारतसुद्धा नाही. त्यापेक्षा रंग कोडमध्ये लिहा, तो कोडपासून तयार होणाऱ्या डीएलएल या फाईलीत बंद होतो. १७ डिसेंबर १९९६ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने सीएसएसची पहिली शिफारस जाहीर केली. मजकूर एका जागी, त्याचं दिसणं दुसऱ्या जागी, अशी त्यांची कल्पना. प्रोग्रामरने पोटापाण्याचं काय करायचं, याचा विचार त्या शिफारशीत कुठेच नाही.

तो विचार २००२ साली झाला. मायक्रोसॉफ्टने एएसपी डॉट नेट हे वेबसाइट बनवण्याचं साधन आणलं, त्यात वेब फॉर्म्स आले आणि सर्व्हर कंट्रोल, म्हणजे सर्व्हरवर घडणारी लेबलं, चौकटी, बटणं, आले. प्रत्येक कंट्रोलला फोरकलर, बॅककलर, बॉर्डरस्टाइल, फाँट, विड्थ, हाइट अशा प्रॉपर्टी जन्मतःच दिलेल्या. चूक झाल्याचा संदेश दाखवणारं लेबल लाल हवंय? पान उघडताना चालणाऱ्या पेज-लोडमध्ये एक ओळ टाका, फोरकलर बरोबर कलर डॉट रेड. सर्व्हर त्या लेबलचा स्पॅन (एचटीएमएलचा एक टॅग) करतो आणि लाल रंग त्याच्या अंगावरच गोंदवून ब्राउझरकडे पाठवतो. याला इनलाइन स्टाइल म्हणतात. बाहेरच्या फाईलीतला साधा नियम तिच्यापुढे टिकत नाही. डिझाइन करणाऱ्या मुलीने रात्र जागून कितीही सुरेख रंगसंगती बसवली, तरी तुमचं लेबल लाल ते लालच. ती बिचारी मग प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह घालून इंपॉर्टंट लिहायला लागेल. लिहू दे. सगळंच इंपॉर्टंट झालं की कशालाच महत्त्व उरत नाही, आणि तोवर ती बहुधा नोकरीही बदलते.

रंग निवडायला डोळे लागत नाहीत, कोड लिहिताना नावं सुचवणारा इंटेलिसेन्स पुरतो. कलर लिहून टिंब दिलं की नावांची रांगच लागते: टोमॅटो, ब्लँच्ड आमंड, पपाया व्हिप. ग्राहक म्हणाला ‘जरा गोव्याला शोभेल असं काहीतरी द्या’, तर पपाया व्हिप द्यावा. तो फिकट सायीसारखा दिसतो, पपईशी त्याचा काही संबंध नाही, पण मीटिंगमध्ये नाव सांगायला बरं पडतं.

आता खरं काम बघू. समजा तुम्ही पणजीत पाटोवर एका ऑफिसात बसला आहात आणि डिचोलीच्या बाजूच्या एखाद्या पतसंस्थेचं कर्जवसुलीचं ॲप्लिकेशन तुमच्या गळ्यात आलं आहे. कर्जदारांची यादी ग्रिडव्ह्यू या तक्त्याच्या कंट्रोलमध्ये आहे. हा कंट्रोल २००५ साली आवृत्ती २.० सोबत आला आणि आजही तो जिथे आहे तिथून हलायला तयार नाही. व्यवस्थापकांचं म्हणणं साधं आहे: ज्याचं कर्ज थकीत, त्याची रांग लाल दिसली पाहिजे.

तुम्ही प्रत्येक रांग डेटाने भरली की चालणारा रो-डेटाबाउंड हा इव्हेंट धरायचा. त्यात सेल्सपुढे चौकटी कंसात ४ लिहायचं, तिथला मजकूर ‘थकीत’ आहे का बघायचं, असेल तर बॅककलर लाल. चारच का? कारण आज तो रकाना पाचवा आहे आणि मोजणी शून्यापासून होते. टिप्पणी लिहू नका. टिप्पणी लिहिली की दुसऱ्याला कळतं.

सहा महिन्यांनी व्यवस्थापक सांगतात, नावाच्या शेजारी मोबाइल नंबर हवा. एक रकाना मध्ये घुसतो, बाकीचे एकेक घर पुढे सरकतात, आणि तुमचा ४ क्रमांकाचा सेल आता ‘थकीत’ हा शब्द हप्त्याच्या रकमेत शोधू लागतो. त्याला तो सापडत नाही. एका रात्रीत पतसंस्थेचे सगळे कर्जदार नियमित होतात. एवढी वसुली संचालक मंडळाने कधी पाहिलेली नसते. थोडे दिवस थांबा, मग फोन येईलच.

असाच परिणाम हिरव्या रंगात हवा असेल तर वेगळी अट घाला: परतफेडीच्या तारखेचा सेल रिकामा नसेल तर रांग हिरवी. गंमत अशी की डेटात काही नसलं तरी ग्रिडव्ह्यू तो सेल सहसा रिकामा ठेवत नाही. त्यात एनबीएसपी नावाची न दिसणारी जागा भरून ठेवतो. त्यामुळे ज्यांनी छदाम भरला नाही तेही हिरवे. शीर्षकाच्या रांगेसाठीसुद्धा हाच इव्हेंट चालतो हे विसरलात, तर शीर्षकही हिरवं. एकंदर आनंदी पान.

यावर काही शहाणे म्हणतात की कोडने सेलचा मजकूर वाचूच नये. मागे जो मूळ डेटा आहे त्यावरून कर्ज थकीत आहे एवढंच ओळखावं, रांगेच्या सीएसएसक्लासमध्ये (सीएसएस ज्या नावाने ओळखतं त्या प्रॉपर्टीत) ‘थकीत’ अशा अर्थाचं एक नाव ठेवावं आणि बाजूला व्हावं. लाल, करडा की नुसती डावीकडे जाड रेघ, ते सीएसएसने बघावं. थकीत कोण हे ठरवणं कोडचं काम, ते कसं दिसतं हे ठरवणं नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद घालू नका, त्यांचं बरोबर आहे. फक्त त्यांच्या पद्धतीत व्यवस्थापकांना तुमचा नंबर पाठ होत नाही.

सीएसएसक्लास वापरायची सक्ती झालीच, तरी घाबरू नका. त्यातही पुष्कळ करता येतं. नावाची चौकट चुकीची भरली म्हणून तिला ‘एरर’ क्लास द्यायचा आहे. सरळ बरोबरचं चिन्ह टाकून ‘एरर’ लिहा. चौकटीला आधी ‘फॉर्म-कंट्रोल’ हा क्लास होता, तो गेला. आता ती चौकट लाल आहे, पण इतर चौकटींपेक्षा अर्धी आणि किंचित वर सरकलेली. कोणी तक्रार केली तर अधिक-बरोबर वापरा, म्हणजे जुन्याला नवा जोडला जाईल. मध्ये एक जागा सोडायची असते. नाही सोडलीत तर ‘फॉर्म-कंट्रोलएरर’ असा एकच शब्द तयार होतो आणि जगातल्या कुठल्याच सीएसएसला तो ओळखता येत नाही.

जागा सोडलीत तर पुढची मजा. वापरणाऱ्याने चूक केली, पान सर्व्हरवर जाऊन आलं, ‘एरर’ लागला. त्याने पुन्हा चूक केली. व्ह्यूस्टेटने, म्हणजे पानाची आधीची अवस्था लक्षात ठेवणाऱ्या सोयीने, आधीचा क्लास निष्ठेने जपून ठेवलेला असतो, त्याला तुम्ही आणखी एक ‘एरर’ जोडता. पिनकोड आठवत नसलेला एखादा म्हातारा कर्जदार पाच वेळा बटण दाबतो. मग ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट करून बघा: फॉर्म-कंट्रोल एरर एरर एरर एरर एरर. शेवटी तो पिनकोड बरोबर भरतो, आणि चौकट तरीही लाल, कारण जोडण्याची ओळ तुम्ही लिहिली होती, काढण्याची लिहायची राहिली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसालाही समाज सोडत नाही, तशीच ही चौकट.

व्ह्यूस्टेटचं निघालंच आहे तर: कोडमधून लावलेले हे सगळे रंग, रुंद्या आणि जाड अक्षरं तो एका लपलेल्या फील्डमध्ये बेस६४ या अक्षरी रूपात करून ठेवतो. तीनशे रांगा, प्रत्येक रांगेतल्या आठही सेलना वेगवेगळा रंग, म्हणजे भरपूर साठा. तो पानाबरोबर येतो आणि दर क्लिकला परत जातो. सत्तरी तालुक्यात डोंगराआड नेटवर्कची एखादी दांडी धरून बसलेला वसुली अधिकारी बटण दाबून चहा घेऊन येऊ शकतो. सीएसएसची फाईल ब्राउझर एकदा उतरवून स्वतःजवळ ठेवतो, असली अरसिक सोय इथे नाही.

विड्थ पिक्सेलमध्येच द्या. ९०० लिहा, तुमच्या मॉनिटरवर छान दिसतं. इनलाइन स्टाइलमध्ये पडद्याच्या मापानुसार दिसणं बदलणारी मीडिया क्वेरी लिहिता येत नाही, माउस वर आला की दिसणं बदलणारं होव्हरही नाही, तेव्हा मोबाइलवर काय होईल याची जबाबदारी तुमच्यावर येतच नाही. मजकूर भरायच्या चौकटीला हाइट तर अवश्य द्या, १६ पिक्सेल. इंग्रजी अक्षरं मावतात. मराठी मजकूर आला की वेलांट्या आणि मात्रा वरून छाटल्या जातात, ‘कर्ज’वरचा रफार उडतो आणि ‘हप्ते’चा नुसता ‘हप्त’ उरतो. अनेक हप्ते थकलेत की एक, हा बारकावा कर्जदाराने समजून घ्यावा.

किरकोळ गोष्टी एका दमात सांगतो. चेकबॉक्सला दिलेला सीएसएसक्लास खुद्द चेकबॉक्सला लागत नाही, भोवतीच्या स्पॅनला लागतो. अर्धा दिवस यात सुखाने जातो. साध्या डिव्हला रनॅट सर्व्हर (सर्व्हरच्या ताब्यातलं) केलंत तर त्याला सीएसएसक्लास नसतोच, ॲट्रिब्यूट्समध्ये ‘क्लास’ म्हणून घालावा लागतो, म्हणून दोन्ही पद्धती एकाच पानात मिसळा. सीएसएसमध्ये आयडी पकडायचा असेल तर ब्राउझरमधून ‘सीटीएल००’पासून सुरू होणारं लांबलचक नाव जसंच्या तसं उचला. मास्टर पेजमधला, म्हणजे सगळ्या पानांच्या सामायिक साच्यातला, प्लेसहोल्डर कोणी बदलला की ते नाव बदलतं आणि तुमचा नियम अनाथ होतो. २०१० साली आलेल्या आवृत्ती ४ मध्ये क्लायंटआयडीमोड स्टॅटिक करून हे टाळता येतं, म्हणून ती प्रॉपर्टी कोणाच्या नजरेस पडू देऊ नका. कंट्रोलचं दिसणं एका जागी ठेवणाऱ्या थीम आणि स्किन फाईलींबद्दल विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगा की कोडमधून थीम प्री-इनिटमध्येच लावावी लागते. पुढे कोणी विचारत नाही.

हे सगळं पेरल्यावर पीक येतं चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर. ऑफिस अर्धं रिकामं, निम्मे लोक आपापल्या गावी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान जमवायला गेलेले. तेवढ्यात व्यवस्थापकांचा फोन.

“अरे बाबा, चवथ आली मरे! ती वरची पट्टी जरा केशरी करून दे. रंगच तर बदलायचाय.”

“बघतो भाऊ. पण ते तेवढं सोपं नाही.”

हे वाक्य नीट पाठ करा, कारण तुम्ही खोटं बोलत नसता. पट्टीचा रंग कोडबिहाइंडमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, आहे. प्रोजेक्ट उघडा, ओळ शोधा, बदला, बिल्ड करा, तयार झालेली डीएलएल सर्व्हरच्या बिन फोल्डरमध्ये टाका. बिनमधली डीएलएल बदलली की ॲप्लिकेशन पुन्हा सुरू होतं. सेशन, म्हणजे प्रत्येक वापरणाऱ्याची चालू नोंद, सर्व्हरच्या चालू प्रोसेसमध्ये ठेवलेलं असेल, आणि न सांगता ते तिथेच असतं, तर त्या क्षणी सगळ्यांची सेशनं पुसली जातात. मडगावच्या शाखेत एक बाई कर्जाचा अर्ज भरत बसल्यात, जामीनदारांच्या पत्त्यापर्यंत पोचल्यात. त्या सेव्ह दाबतात आणि समोर लॉगिनचं पान येतं. वर पट्टी मात्र सुंदर केशरी.

हाच बदल सीएसएसमध्ये असता तर एक ओळ लागली असती आणि त्या बाईंना कळलंही नसतं. फार तर कोणाला पान ताजं करायला कंट्रोल-एफ५ दाबावं लागलं असतं. या प्रसंगात तुमचं नाव कोणाच्या तोंडी आलं असतं, सांगा. आता दोन शाखांत आलं आहे. आणि विसर्जनानंतर पट्टी पुन्हा निळी करायची आहेच. तोही बदल आहे, त्याचंही बिल आहे.

एक धोका मात्र आहे. कधीतरी कोणी सुशिक्षित सल्लागार येतो आणि हे सगळं एएसपी डॉट नेट कोअरवर न्यायला सांगतो. २०१६ साली कोअर आलं ते वेब फॉर्म्सना मागे ठेवूनच. तिथे ना तुमचा ग्रिडव्ह्यू, ना फोरकलर, ना व्ह्यूस्टेट. ज्यांनी वागणं कोडमध्ये आणि दिसणं सीएसएसमध्ये ठेवलं, त्यांची निदान सीएसएसची फाईल बरीचशी तशीच उचलून नेता येते. तुमचं काहीच उचलता येत नाही. म्हणजे तुम्हालाच बसून प्रत्येक पान वाचावं लागणार, कुठला लाल थकबाकीचा, कुठला चूक दाखवणारा आणि कुठला एका दुपारी कंटाळा आला म्हणून दिलेला, ते एकेक करून सांगावं लागणार. सल्लागार अंदाजपत्रक मागेल. पहिली ओळ ‘विद्यमान रंगव्यवस्थेचा अभ्यास’ अशी टाका, तीन महिने धरा, आणि जीएसटी वेगळा लावायला विसरू नका.