रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे रे बाबा

आज लॅबमध्ये सगळ्यांदेखत एका ज्युनियरवर ओरडले. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या सकाळी कवट्यांची प्रॅक्टिकल आहे (कुत्र्याचे दात ४२, मांजराचे ३०, बाकी आत्ता काही आठवत नाहीये) आणि मी अभ्यास सोडून हे टाइप करत बसलेय. यावरून ओळखा डोकं किती तापलंय ते.

झालं असं की त्यानं गेल्या महिन्याची ट्रान्सेक्टची (म्हणजे जंगलात ठरलेल्या सरळ रेषेवर चालत प्राणी मोजायचे, त्या नोंदींची) पानं आणून दिली. अक्षर माझ्यापेक्षा छान. वर ट्रान्सेक्टचा नंबर, नाव, तारीख, सुरुवातीची वेळ. संपल्याची वेळ काही पानांवर आहे, काहींवर नाही. आणि खाली नऊ पानं कोरी. कोरी म्हणजे अगदी कोरी, पेन्सिल टेकलेली नाही.

"हे काय?"

"काही दिसलंच नाही ताई त्या दिवशी."

"मग शून्य कुठंय?"

"काही नव्हतंच, तर लिहायचं काय?"

इथं माझा तोल गेला. म्हटलं, तू गेला होतास आणि दिसलं नाही, की गेलाच नाहीस? हे कोरं पान बघून मला कसं कळायचं? तो म्हणाला, "गेलो होतो ना." पण लगेच नाही म्हणाला. मध्ये एक क्षण गेला. तो क्षण मला ओळखू येतो.

जे या लाइनमधले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शून्य म्हणजे कुणीतरी उजाडायच्या आधी उठलं, अंधारात बूट झटकून घातले, ठरलेल्या सरळ रेषेवर दोन किलोमीटर मुंगीच्या पावलांनी चाललं, दोन्ही बाजूंना डोळे फाडून बघितलं आणि प्राणी दिसला नाही. रिकामं म्हणजे कुणी बघितलंच नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कॉम्प्युटरलासुद्धा ते कळतं हो! आर नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य घातलं तर सरासरी खाली येते, एनए (म्हणजे 'माहिती नाही') घातलं तर तो तुम्हाला उत्तरच देत नाही, आधी विचारतो या रिकाम्या जागेचं काय करायचं ते सांग. आपल्या पोरांना मात्र दोन्ही सारखंच.

आणि दमायला होतं हे मला सांगू नका. मीही दमलेय. सातव्या ट्रान्सेक्टवर एकदा १६०० मीटरच्या खुणेपाशी अख्खं झाड आडवं पडलं होतं. सलग सहावा दिवस होता, गुडघ्यापर्यंत गोचिडं चढलेली, आणि त्या रेषेवर आधीच्या दोन फेऱ्यांतही काही मिळालं नव्हतं. त्या दिवशीही मिळालं नाही. पण माझ्या पानावर शून्य आहे. ठळक. आत्ता उघडून दाखवू शकते.

लोकांना वाटतं आम्ही जंगलात फिरतो म्हणजे रोज काहीतरी दिसतं. अरे, आमची निम्मी पदवी न दिसण्यात जाते. कॅमेरा ट्रॅपचंच घ्या, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. झाडाला कॅमेरा बांधला, समोरचं गवत नीट साफ करायचं राहिलं, वारा सुटला. एकवीस दिवसांनी कार्ड काढलं तर त्यात चार हजारांवर फोटो आणि सगळे एकाच पात्याचे. सकाळचं पातं, दुपारचं पातं, रात्री पांढरंफटक पातं. दोन दिवस खुर्चीला चिकटून एकेका फोटोला 'रिकामा' अशी खूण करत होते. मग कळलं की तिसऱ्याच दिवशी कार्ड भरलं होतं आणि पुढचे अठरा दिवस कॅमेरा आंधळा होता. आता बघा, ते पहिले तीन दिवस शून्य आहेत, उरलेले अठरा कोरे. ते अठरा मी शून्य म्हणून धरले असते तर कागदावर मी सात पट मेहनती दिसले असते आणि जंगल सात पट ओसाड.

रूममेटला वाटतं मी नटायला लागलेय, कारण टेबलावर पारदर्शक नेलपॉलिशच्या तीन बाटल्या आहेत. त्या विष्ठेतून निघालेल्या केसांसाठी आहेत. काचपट्टीवर नेलपॉलिशचा थर द्यायचा, त्यात केस दाबायचा, वाळला की उचलायचा, मग केसावरच्या खवल्यांचा ठसा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि कोण कुणाला खातं ते शोधायचं. हे विषयाशी संबंधित नाही, पण एकदा कुठंतरी लिहून टाकायचं होतं.

तर शून्य.

२००६ च्या शेवटी चीनमधल्या यांगत्से नदीत बैजी डॉल्फिन शोधायला मोहीम निघाली होती. दोन बोटी, सहा आठवडे. दोन्ही बोटी एकमेकींपासून स्वतंत्रपणे शोधत होत्या. डोळ्यांनी बघत होत्या, पाण्यात मायक्रोफोन सोडून ऐकतही होत्या. एकही बैजी मिळाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ते शून्य छापलं आणि जगाला मानावं लागलं की हा प्राणी बहुधा संपला. मला ते वाचताना नेहमी एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. रोज संध्याकाळी बोटीवर कुणीतरी वही उघडत असणार आणि त्या दिवसाच्या नावासमोर शून्य लिहीत असणार. पस्तिसाव्या दिवशीसुद्धा. त्यांनी 'काही नव्हतंच, तर लिहायचं काय' म्हणून पानं कोरी ठेवली असती तर?

आणि आपण काय करतो? (हो, आपण. मीपण.) बॅचच्या ग्रुपवर फक्त दिसलेल्याचे फोटो. घुबड दिसलं, टाक. पिलू दिसलं, टाक. रेडिओ कॉलर लावताना बेशुद्ध प्राण्याच्या डोक्याशी बसून फोटो, त्यावर तर लाइकचा पाऊस. पाच पहाटा वाया गेल्या त्याचा फोटो कुणी टाकलाय आजवर? सेमिनारमध्ये चार महिन्यांचं काम मांडलं आणि नोंदी कमी निघाल्या की मागच्या बाकावरून हळूच येतं, 'म्हणजे मिळालं काहीच नाही तर.' मग दुसऱ्या वर्षाला आलेल्या पोराला शून्य लिहायची लाज वाटली तर त्यात त्याचं काय चुकलं? त्याला वाटतं, कोरं पान निदान काही बोलत तरी नाही.

बरं, फोटोंमुळे लोकांना प्राणी आवडतात, पैसे मिळतात, आम्हाला कामं मिळतात. मान्य. पुढे.

आता सातव्या ट्रान्सेक्टचं नीट सांगते, कारण वर लिहिलं ते वाचून माझं मलाच बरं वाटेना.

पानावर शून्य आहे हे खरं. त्याच्या शेजारच्या रकान्यात चाललेलं अंतर लिहायचं असतं. तिथं मी २.० लिहिलंय. मी १.६ चालले होते. झाड आडवं पडलं होतं, तिथून मागे फिरले. म्हणजे शेवटच्या ४०० मीटरचं माझं शून्य हे शून्य नाहीच. ते या पोराच्या पानासारखं कोरं आहे, फक्त मी त्यावर पेन्सिलीनं गोल काढलाय. त्याचं पान निदान खोटं तरी बोलत नाहीये.

गणित मांडून बघितलंय मी, एकदा सोडून दहादा. बारा ट्रान्सेक्ट, आठ फेऱ्या, एकूण १९२ किलोमीटर. त्यात ४०० मीटर म्हणजे हजारात दोन. घनता (दर चौरस किलोमीटरला किती प्राणी) काढताना चाललेलं अंतर छेदात जातं, त्यामुळे उत्तर केसभर कमी येईल, एवढंच. कुणाला कळणार नाही. पुढच्या पाचही फेऱ्यांत मी त्या ४०० मीटरमध्ये गेले, पूर्ण गेले, आणि एकदाही काही दिसलं नाही. म्हणजे त्या दिवशीही नसणारच.

नसणारच! हाच शब्द. आमच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, 'नसणार' हे वहीत लिहायचं नाही. न दिसणं आणि नसणं यांतला फरक काढायला माणसांनी आयुष्यं घातलीत. २००२ मध्ये मॅकेन्झी नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक अख्खी पद्धत बसवली. एकाच जागी पुन्हा पुन्हा जा, दिसलं तर एक, नाही दिसलं तर शून्य लिही, आणि त्या एक-शून्यांच्या ओळीवरूनच प्राणी असूनही हुकण्याची शक्यता काढता येते. ओळीतला एक शून्य घरबसल्या भरला की ती ओळ खोटं बोलायला लागते. हे मी परीक्षेत लिहिलंय. चांगले मार्क पडलेत.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेलचं तर आमच्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं. १९१४ ते १९२० मध्ये तो आणि त्याची माणसं कॅलिफोर्नियातलं योसेमिटी पालथं घालत होती. किती सापळे लावले, किती रात्री, काय आलं, सगळं रोजच्या रोज वहीत. हा गृहस्थ तेव्हाच म्हणत होता की या नोंदींची खरी किंमत कळायला शंभरेक वर्षं जातील. आणि खरोखरच जवळपास शतकभरानं त्याच्याच विद्यापीठातली माणसं त्या वह्या घेऊन त्याच जागी गेली. छोट्या सस्तन प्राण्यांच्या २८ जाती तपासल्या. निम्म्या जातींच्या उंचीच्या हद्दी बऱ्याच वर सरकल्या होत्या, सरासरी ५०० मीटर. हे म्हणता आलं कारण जिथं काही सापडलं नव्हतं तिथं किती सापळे लावले होते हेही वहीत होतं. ग्रिनेलच्या एखाद्या दमलेल्या पोरानं वीस सापळे लावून चाळीस लिहिले असते तर? लिहिलेही असतील. माणसंच होती ती.

आता झाडाचं. ते झाड एवढं मोठं नव्हतं. वर 'अख्खं झाड' लिहिलंय ते तसंच राहू दे, पण ओलांडता आलं असतं. काका तर ओलांडून अर्धे पलीकडे गेलेही होते. काका म्हणजे आमच्याबरोबर फिल्डवर येणारे. ट्रान्सेक्टवर बोलायचं नसतं, म्हणून दर शंभर मीटरच्या खुणेच्या झाडाला ते तळहात टेकवतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात. मी मोजते. त्या दिवशी सोळाव्याला काकांनी हात टेकवला, मान हलवली आणि ते पाय टाकून खोडावर चढले. मी खालूनच म्हणाले, "काका, पुढं काही नसतं. फिरू या?" ते खोडावर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं."

गोचिडं होती, पाय दुखत होते, सगळं होतं. पण खरं कारण कंटाळा.

संध्याकाळी मी पानं भरत होते आणि काका शेजारी बसून पायातली गोचिडं काढत होते. माझ्या पेन्सिलीकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. "दोन लिहिलं का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरं."

एवढंच. ओरडले नाहीत, कुणाला सांगितलं नाही. पुढच्या फेरीला सतराव्या झाडापाशी आलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखाच हात टेकवला, नेहमीसारखीच मान हलवली. मला मात्र तिकडे बघवेना. मी उगाच कंपासमध्ये डोकं घातलं.

आणि आज मी त्या पोरावर लॅब डोक्यावर घेऊन ओरडले. काय काय बोलले ते आता आठवतंय आणि घाम फुटतोय. 'तुझ्यासारख्यांमुळे डेटा सडतो' असंही म्हणाले बहुतेक. तो पानं गोळा करून गेला, जाताना दार हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

कोरं पान सोडणं चूकच आहे. ते मी मागे घेणार नाही. ओरडणं घेते.

मघाशी वर 'आत्ता उघडून दाखवू शकते' असं लिहिलं ना, तेव्हा उठून खरंच फाइल काढली. पान समोर आहे. एका कोपऱ्याला चिखलाचा अंगठा आहे, माझाच. आमच्याकडे खोडरबर वापरायचं नसतं, जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा, तारीख घालायची, सही करायची. तसं केलं. २.० वर रेघ, १.६, आजची तारीख, सही. शेरा लिहायच्या जागी 'झाड आडवे' लिहिणार होते. 'निरीक्षक मागे फिरली' लिहिलं. गाइडना मेल टाकलाय, त्यांचं उत्तर येईल तेव्हा येईल. काकांना इतक्या रात्री फोन करता येत नाही.

आणि तू. हे वाचतोयस माहितीये मला, आत्ताच वरचा हिरवा ठिपका दिसला. ती नऊ पानं घेऊन उद्या दुपारी ये. नवातली किती शून्य आणि किती कोरी एवढंच सांग, मी काही बोलणार नाही. येताना टोक केलेली पेन्सिल आण, माझी आत्ताच तुटली. आणि आता झोप, तुझीपण सकाळी कवट्यांची प्रॅक्टिकल आहे.