लिंबू-सोड्याच्या ‘उपाया’बद्दल खुलासा

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘त्वचा तेलकट असो वा कोरडी, रोज लिंबाचा रस आणि खायचा सोडा चोळा, आठवड्यात डाग गायब.’ कृपया हे करू नका.

त्वचेचा वरचा थर मुळात किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लता मोजायचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 4.5 ते 5.5. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, तर खायचा सोडा विरघळवलेल्या पाण्याचा 8 च्या वर, म्हणजे दोन्ही त्वचेपासून लांबच. दोन्ही एकत्र केल्यावर फसफसतं तो कार्बन डायऑक्साइड. त्याने डाग जात नाहीत. कोरड्या त्वचेची तर आगच होते.

शिवाय लिंबात, सालीत जास्तच, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की एक-दोन दिवसांत लाली, कधी फोड, मग तपकिरी डाग. उन्हात सरबताची लिंबं पिळताना रस मनगटावरून ओघळला, तर डागही ओघळाच्याच आकाराचा उठतो आणि महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे डाग घालवायला गेलात आणि नवे पाडून घेतलेत!

आपली त्वचा ओळखायची असेल तर सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, काहीही न लावता तासभर थांबा. सगळीकडे चमक आली तर तेलकट, ओढल्यासारखं वाटलं तर कोरडी, फक्त कपाळ-नाक चमकलं तर मिश्र. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतंच, जेलसारखं हलकं. कोरडीला दाट क्रीम, तेही चेहरा ओलसर असतानाच. सनस्क्रीन सगळ्यांनाच.

तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.