एक लाख वीस हजारांत पक्कं घर: लाभार्थ्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! यादीत नाव आलं, प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) घरकुल मंजूर झालं. आता सरकार 1 लाख 20 हजार रुपये देणार आणि तुम्ही त्यात किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं पक्कं घर बारा महिन्यांत उभं करणार. डोंगराळ भागात असाल तर 10 हजार जास्त. वीट आणि सिमेंट डोंगरावर चढवायला तेवढे पुरावेत, अशी अपेक्षा आहे.

उत्साहाच्या भरात जुनं घर पाडू नका. आधी त्याचा जिओ-टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो हवा. घर पावसात पडलेलं चालत नाही. ते पडायला आलेलं, पण फोटोपुरतं उभं असावं. गरिबीही बेताची ठेवा. 50 हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल, तर कर्ज झालं तरी योजनेच्या लेखी तुम्ही श्रीमंत. दुचाकीवाले आता गरिबांत परत आलेत, दुचाकी नसण्याची अट काढून टाकली आहे.

पहिला हप्ता 15 हजारांचा. एवढ्यात जोतं बांधा, फोटो काढून घ्या, म्हणजे पुढचा हप्ता पडेल. तुमची जागा काळ्या मातीची असेल तर दोन फुटांवर थांबू नका. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मग भिंती कोपऱ्यातून तिरक्या तडकतात. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, मग तो चार फुटांवर लागो की सहा. 15 हजार बहुधा त्या खड्ड्यातच राहतील. जोतं वर येण्यासाठी लागणारे पैसे जोतं वर आल्यावर मिळतील, एवढा क्रम लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. मधल्या काळासाठी सावकार असतोच. त्याला जिओ-टॅग लागत नाही.

आता भिंती. साडेसोळा बाय साडेसोळा फुटांचं घर, मधे एक आडवी भिंत, उंची दहा फूट, नऊ इंची बांधकाम: साडेसात ते आठ हजार विटा. वीट 8 रुपयांना धरली तरी 60 हजार, म्हणजे निम्मं अनुदान भिंतीतच चिणलं गेलं. सहा इंची बांधा, परवडेल. स्लॅब चार इंची टाकायचा तर 25 पोती सिमेंट आणि अडीचशे किलोच्या आसपास सळई, वर सेंट्रिंगचं भाडं. म्हणून गावोगावी घरकुलावर पत्रे दिसतात आणि पुढे कधी स्लॅब पडेल या आशेने चार कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या असतात. त्यांना निदान सिमेंटची स्लरी फासा, नाहीतर स्लॅब यायच्या आत गंज येतो.

वाळूची काळजी नको. घरकुलाला 5 ब्रास, म्हणजे 500 घनफूट, मोफत आहे. वाळू फुकट, ट्रॅक्टर नाही. आणि मंजुरी जूनच्या तोंडावर आली असेल तर नदीवरचे वाळूघाट पावसाळ्यापुरते बंद. बारा महिन्यांतले चार असेच जातील. अंगमेहनतीचे पैसे रोजगार हमीतून 90 दिवसांचे मिळतात. 2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080. त्या दरात काम करणारा गवंडी सापडला तर आम्हालाही कळवा. शिवाय 2025 मध्ये राज्याने 50 हजारांची भर जाहीर केली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. छत तेवढं तुम्ही आणा.

एवढं वाचून सरकारने घरं बांधायला पैसे द्यावेतच कशाला, फुकटाची सवय लागते, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही बहुधा शहरात राहता आणि तुमच्यासाठी सोपा मार्ग आहे. नवरा-बायको दोघेही 30 टक्क्यांच्या कराच्या टप्प्यात असा. जुनी कररचना निवडा. फ्लॅट आणि कर्ज दोघांच्या नावावर घ्या. प्रत्येकी 2 लाखांच्या व्याजाची वजावट, प्रत्येकी 60 हजारांचा कर वाचला. दोघांचे मिळून 1 लाख 20 हजार. आकडा ओळखीचा आहे ना? फरक इतकाच की हे घरकुल दरवर्षी मिळतं आणि त्याला अनुदान म्हणत नाहीत. तसं म्हणायची वेळही एकदा आली होती: शहरी आवास योजनेत वर्षाला 18 लाखांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबाला 200 चौरस मीटरपर्यंतच्या घराच्या व्याजापोटी 2 लाख 30 हजारांपर्यंत मदत होती. ती 31 मार्च 2021 ला संपली, तेव्हा त्या रांगेत आता उभं राहू नका.

वजावटीची घाईही नाही. गावाकडच्या घराला बारा महिने, तुमच्या फ्लॅटला पाच वर्षांपर्यंत मुदत. तोवर भरलेलं व्याजही वाया जात नाही, ताबा मिळाल्यावर ते पाच समान भागांत त्याच मर्यादेत दाखवता येतं. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. जोत्याचा फोटो कुणी मागणार नाही.