एका रिफिलसाठी आख्खी व्हॅन

आज दुपारी बेल वाजली. दारात डिलिव्हरीवाला मुलगा, हातात बुटाच्या खोक्याएवढं खोकं. आत पेनाची एक रिफिल. एक! खाली डिझेलची व्हॅन चालूच, घुरघुरत उभी. चार वाजता परत बेल. दुसरा मुलगा, दुसरी व्हॅन, दुसरी रिफिल. ऑर्डर एकच होती माझी. विचारलं तर म्हणाला, "गोदामं वेगळी, साहेब."

डोकंच फिरलं. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ संपेपर्यंत आपल्या सगळ्या, १६ हजारांहून जास्त, बस विजेवर आणल्या, तेव्हा आपण किती कौतुक केलं! करायलाच हवं होतं. पण माल? शहर म्हटलं की आपल्याला बस, मेट्रो, सायकलचा रस्ता दिसतो. सिमेंट, औषधं, माझी रिफिल जणू आभाळातून पडतात.

"व्हॅन विजेवर करा, झालं" म्हणणाऱ्यांचा तर आता रागच येतो. करा ना! नेदरलँड्समधल्या कितीतरी शहरांच्या मध्यभागात २०२५ पासून नवी नोंदलेली मालाची व्हॅन धूर सोडणारी असेल तर चालत नाही. जुन्यांना तेवढी मुदत. पण माझ्या दोन रिफिली विजेवरच्या दोन व्हॅननी आणल्या तरी फेऱ्या दोनच. रस्ता तेवढाच अडणार, टायर तेवढेच झिजणार, आणि वीज कोळशाची असेल तर धूर नुसता गावाबाहेर गेला. (हो, तरी डिझेलपेक्षा बरं. मान्य.)

सगळ्यांचा माल वेशीवरच्या एका गोदामात उतरवा, गल्लीवार लावा, एका गल्लीत एकच गाडी पाठवा, जमेल तिथे मालवाहू सायकल. नेदरलँड्समधल्याच उट्रेक्ट शहराने २०१० मध्ये कालव्यात विजेवरची होडी सोडली, कॅफेंना माल पोचवायला! अडतं कुठे, तर कुणालाच आपल्या गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्याला दाखवायची नसते. मग पालिकेने भाग पाडावं की.

इथवर टाइप केलं आणि ऑर्डर उघडून बघितली. 'आजच हवं' वर टिचकी मीच मारली होती. जुन्या रिफिलमध्ये अजून निम्मी शाई आहे. आणि त्या दुसऱ्या मुलाला मी "दोनदा कशाला?" असं जरा तोऱ्यातच विचारलं. बिचारा चार जिने चढून आला होता. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

आमच्या इमारतीतलं कुणी वाचत असेल तर सांगा, आठवड्याची पार्सलं शनिवारी एकत्रच मागवू या का? माझ्याकडून सध्या काही नाही. रिफिली भरपूर आहेत.