आरंभशूरासन

योग सुरू करायचं ठरवलंत ना? अभिनंदन. आता घाई करू नका. ठरवणं हीच या साधनेतली अवघड पायरी, आणि ती तुम्ही हिंचक्यावरून, म्हणजे झोपाळ्यावरून, न उठता ओलांडलीत. बहुधा रविवार असेल. फाफडा-जिलेबीचा कागद अजून टीपॉयवर असेल, खाली पडलेला फाफड्याचा तुकडा उचलायला वाकलात आणि कमरेतून असा काही आवाज निघाला की आतून प्रश्न आला, "काय मोडलं?" योगाकडे माणसं अशीच वळतात. वळता येत नाही हे कळलं की वळतात.

मार्गदर्शन करण्याचा माझा अधिकार विचाराल तर मी 2015 पासून नवशिका आहे. 2014 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी 21 जून हा योग दिवस ठरवला, तेव्हा त्या ठरावामागे 177 देश उभे राहिले होते. 178 वा मी. तेव्हापासून मी दर वर्षी योग सुरू करतो. काही वर्षी तर दोनदा. इतका अनुभव असलेला नवशिका आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात दुसरा नसेल. योग करणारे आहेत, पण ते सुरू करून मोकळे झाले. त्यांना सुरुवातीतलं काय कळणार?

पहिलं काम मॅटचं. चार मिलिमीटरची घ्यावी की सहा, यावर किमान पंधरा दिवस जाऊ द्या. पातळ मॅटवर गुडघे टेकले की दुखतात, जाड मऊ मॅटवर एका पायावर उभं राहिलं की तोल जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे निर्णय होत नाही, आणि निर्णय होईपर्यंत तुम्हाला वाक म्हणायची कोणाची हिंमत नाही. घरात आजोबांची घोंगडी आहे, तिच्यावर ते उभा जन्म सूर्यनमस्कार घालत आले, अशी आठवण कोणी काढलीच तर सौम्यपणे सांगावं की आजोबांच्या वेळी घोंगडीत जांभळा रंग मिळत नव्हता. मॅटबरोबर दोन ठोकळे आणि एक पट्टाही घ्या. ठोकळे कशासाठी ते नंतर कळतं. माझ्याकडच्या ठोकळ्यांवर सध्या इन्व्हर्टर आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला या बाबतीत एक मोठी सवलत आहे, ती पुण्यामुंबईच्या लोकांना नाही. आपल्या वाटचा योग आपल्या गावानं आधीच करून ठेवलाय.

जगन्नाथ गणेश गुणे हे नाव पाठ करा. जन्म 1883, डभोईचा, म्हणजे घरचाच माणूस. शरीर घडलं बडोद्यात, जुम्मादादांच्या आखाड्यात, राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली. योग शिकले नर्मदाकाठी मालसरला, परमहंस माधवदासजींकडे. तेच पुढं स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. पण त्याच्या आधी, 1920-21 च्या सुमारास, त्यांनी काय करावं? बडोद्याच्या स्टेट हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आपले विद्यार्थी नेले आणि उड्डियान नि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना पोटाच्या आत नेमकं काय चालतं ते तपासलं. लोक अजून योग्याला हिमालयात शोधत होते, तेव्हा आपल्याकडे तो इस्पितळात जाऊन पोट दाखवत होता.

उड्डियान म्हणजे श्वास सोडून पोट आत वर ओढायचं, पाठीला लागेल असं. हा बंध आपणही करतो, लग्नाच्या ग्रुप फोटोत. फोटोग्राफर "एक और, एक और" म्हणाला की सुटतो.

तर पुण्याहून पाहुणे आले आणि योगाबद्दल काही बोलू लागले की हे सगळं ऐकवायचं. "कैवल्यधाम होय? ते आमच्याकडून गेलेलं." एवढं झालं की तुमचे हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोचतात का, हे विचारायची कोणाची छाती होत नाही. मी हे मालसर आणि माणिकराव चौदा लग्नांत आणि दोन मुंजींत वापरले आहेत.

ध्यानाचीही सोय आहे. अरविंद घोष 1893 पासून 1906 पर्यंत बडोद्यात होते, हे दांडिया बाजारातल्या पोराला शाळेत जायच्या आधी माहीत असतं. पण ध्यानाची गोष्ट त्यानंतरची. 1908 च्या जानेवारीत ते पुन्हा इथं आले असताना विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यानं त्यांना सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत बसवलं. सांगितलं एवढंच की विचार बाहेरून येतात, आत शिरायच्या आधी त्यांना परतवून लावा. तीन दिवसांत मन निःशब्द.

कृती सोपी आहे. माझेही विचार बाहेरूनच येतात. कुकरची शिट्टी, शेजारच्या ॲक्टिव्हाचा हॉर्न, आणि मोबाइलवर एकामागून एक टुंग टुंग. फक्त परत पाठवायचे म्हणजे आधी उघडून वाचावे लागतात, त्यात वेळ जातो. तीन दिवस हा आकडा मात्र ध्यानात ठेवा. क्लासचा फुकट ट्रायलही तीनच दिवसांचा असतो. निकालात फरक पडला तर तो खोलीचा दोष समजावा.

क्लासला गेलात की पहिल्या दिवशी टीचरबेन विचारतील, "बीपी छे? कमर? घुंटण?" नाही म्हणा. बीपीची गोळी घेऊन आला असाल तरी नाही म्हणा. खरं सांगितलंत तर त्या तुम्हाला ताडासन, भुजंगासन असली सपक आसनं देतील, सावकाश श्वास घ्यायला लावतील आणि शीर्षासनाला हातच लावू देणार नाहीत. मानेवर भार येतो, रक्तदाब असेल तर करायचंच नाही, मान-खांदे तयार व्हायलाच काही महिने जातात, अशी त्यांची एकेक भित्री कारणं असतात. ताडासनाचा फोटो काढून कोणाला पाठवणार? बसची वाट बघत उभे आहात असं वाटतं. तेव्हा शीर्षासन पहिल्याच आठवड्यात, घरी, कपाटाला पाय लावून. मी केलं होतं. कपाट जुनं, सागवानी होतं म्हणून त्याला काही झालं नाही.

पश्चिमोत्तानासनात डोळे मिटू नका. शेजारी बघा. शेजारी हमखास सत्तरीच्या एक बा असतात, पांढऱ्या साडीतल्या, कपाळ गुडघ्यावर टेकवून निवांत पडलेल्या. त्यांना हरवायचं आहे. टीचरबेन सांगतात की गुडघे थोडे वाकले तरी चालतील, पाठ लांब ठेवा, कमरेतून वाका, ताणलं की थांबा. थांबायचं नसतं. श्वास कोंडा, दात आवळा, ओढा. "श्वास चालू राखो, भाई," असं त्या पुन्हापुन्हा म्हणतात. श्वास काय, तो जन्मापासून चालूच आहे; त्यासाठी महिन्याची फी भरलेली नाही.

काही आसनं बडोदेकरांनी फी भरून शिकूच नयेत. मकरासन घ्या. विश्वामित्री नदीत साक्षात मूळ प्राध्यापक राहतात, मगरी. हिवाळ्यात पुलावरून जाताना थांबून बघा, काठावर ऊन खात पडलेले असतात. अंग सैल, श्वास संथ, चेहऱ्यावर कसलीही महत्त्वाकांक्षा नाही. निरीक्षण पुलावरूनच करावं. आसन कधी सोडतील याचा नेम नसतो. आणि शवासन? कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. इतकी शतकं गेली, बोट हललेलं नाही. आमच्या बॅचमधला एक जण शवासनात दीड मिनिटात घोरू लागतो. बाकीचे त्याला हसतात, मग टीचरबेन म्हणतात की जागं राहून सैल पडायचं, झोपायचं नाही, उठताना आधी कुशीवर वळायचं. तो दचकून ताडकन उठून बसतो आणि विचारतो, "झालं?" तो मीच, हे आता लपवून काय उपयोग.

आसनं रिकाम्या पोटी करावीत, जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. आसनानंतर किती वेळानं खावं, याबद्दल इतक्या ठामपणे कोणी बोलत नाही. या पोकळीचा फायदा घ्या. सकाळी क्लास सुटला की अंग हलकं झालेलं असतं, मन प्रसन्न असतं, आणि कोपऱ्यावर सेव-उसळीचं पातेलं रटरटत असतं. तरी वेगळी मागून घ्यायची, वर पातीचा कांदा, पाव दोन. मग आणखी दोन, कारण आज त्रिकोणासन दोन्ही बाजूंनी केलंय. डाव्या बाजूचे दोन, उजव्या बाजूचे दोन.

खाताना बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू करून टाका. नाव काहीही द्या, पण त्यात 'सूर्योदय' हवा. आमच्या ग्रुपवर मौनाचे फायदे या विषयावर एका सकाळी त्र्याऐंशी मेसेज आले होते. नियमही जाहीर करून टाका, जेवढे कडक तेवढं बरं. चारला उठणार, गार पाण्यानं आंघोळ, दिवसभर फळं. मी एका जानेवारीत सलग पाच दिवस पहाटे गार पाणी अंगावर घेतलं. आसनं त्या पाचही दिवसांत झाली नाहीत, कारण दात वाजायचे थांबेपर्यंत ऑफिसची वेळ होई. पण नियम मोडला नाही.

हा सगळा अभ्यासक्रम मी स्वतःच्या अकलेनं बांधला अशी माझी समजूत होती. मग एका पावसाळ्यात, पाठ धरलेली होती म्हणून, पडल्या पडल्या हठप्रदीपिका चाळली. स्वात्मारामाचा ग्रंथ, पंधराव्या शतकाच्या आसपासचा. पहिल्याच उपदेशात, म्हणजे अध्यायात, त्यानं योग कशाकशानं बुडतो ते सांगून ठेवलंय: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. षड्भिर्योगो विनश्यति. मी बोटं मोजायला लागलो. अत्याहार, म्हणजे चार पाव. प्रयास, म्हणजे ते कपाट. प्रजल्प, त्र्याऐंशी मेसेज. नियमाग्रहापाशी मला जरा आशा होती, तो तरी सद्गुण असेल. तर टीकाकार ब्रह्मानंदानं त्याचं उदाहरण कोणतं द्यावं? पहाटेचं थंड पाण्याचं स्नान. पाठोपाठ फलाहार. माझा अख्खा जानेवारी त्या माणसाला कसा कळला, देव जाणे.

पुढच्याच श्लोकात योग ज्यांनी साधतो अशा सहा गोष्टी आहेत. त्यात पहिला उत्साह. तो आपल्याकडे दर सोमवारी असतो म्हणून मी पान उलटलं.

जनसंगाची भरपाई 21 जूनला होते. मैदानावर शेकडो माणसं, एकसारखे टी-शर्ट, पंचेचाळीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम. जागा मंचाजवळ धरावी, पण अगदी पुढं नको. कॅमेरा पहिल्या रांगेचे पाय कापतो. फोटो वृक्षासनात द्या, आणि शेजाऱ्याच्या खांद्याला करंगळी लावून तोल सांभाळा. करंगळी फोटोत दिसत नाही. दोन्ही हात डोक्यावर जोडायला सांगतात तेवढ्यात फोटो झालेला असावा. आणि पाऊस आला तर घोषणा होईपर्यंत थांबायची गरज नाही.

उरलं लौल्य, म्हणजे चंचलपणा. त्यासाठी बडोद्याचं पंचांग पुरेसं आहे. जूनमध्ये योग, जुलैत पॉवर योग, ऑगस्टात कोणीतरी झुंबाचं सांगतं, आणि तेवढ्यात गरब्याचे क्लास लागतात. नवरात्रात हीच माणसं, हेच गुडघे घेऊन, नऊ रात्री अनवाणी तीन-तीन तास गोल फिरतात आणि कोणाला मिलिमीटर आठवत नाहीत. नंतर दिवाळी. दिवाळीत कोणी योग सुरू करत नाही, लीलो चेवडो करतात. मग लग्नसराई, मग उत्तरायण, तेव्हा दिवसभर गच्चीवर मान वर करून पतंग उडवल्यानं मान धरते. मान मोकळी होईतो परीक्षा, मग आंबे. टीचरबेन भाजीबाजारात भेटल्या तर घाबरू नका. "क्यारे आवो छो?" असं त्या विचारतील. त्यावर सगळ्या शहराला मान्य असलेलं उत्तर आहे, "सोमवारथी चालू." त्या हसतात. त्यांनाही कामं असतात.

मॅटचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी येतोच. माझ्या पहिल्या दोन मॅटांवर आत्यानं गच्चीत सांडगे घातले. प्लास्टिकपेक्षा बरी, उडत नाही, असं तिचं मत पडलं. सांडग्यांना महिनाभर रबराचा वास होता. तिसरी गाडीच्या डिकीत आहे. पाचवीचं मात्र सोनं झालं. हिंचक्याची पाटी गुळगुळीत, त्यामुळे बसलं की माणूस घसरतो, म्हणून आत्यानं ती मधोमध कापून पाटीवर घातली. सहा मिलिमीटर, जांभळी. अगदी मापात बसली.

आता संध्याकाळी मी तिच्यावर मांडी घालून बसतो. पाठ ताठ राहते, कारण मागं टेकायला काही नाही. हात गुडघ्यांवर. आत्या शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसते आणि पायानं एक बारीक झोका देते. पतंजलींच्या सूत्रांत आसनाबद्दल मोजून तीनच सूत्रं आहेत, त्यातलं पहिलं मला पाठ आहे, स्थिरसुखमासनम्. त्यातलं सुख आलंय. स्थिराचं बघू, सोमवारपासून.