टोल, टॅग आणि आबांचा खिसा

फास्टॅगमध्ये पैसे होते. हे आधीच सांगतो, कारण हा प्रसंग ज्याला सांगावा तो पहिलं तेच विचारतो, "बॅलन्स होता का?" बायकोनेसुद्धा विचारलं. होता. केवायसी झालेली होती, टॅग आरशामागे नीट चिकटवलेला होता, काचेवर काळी फिल्मही नव्हती. तरी सातारा जिल्ह्यातल्या एका टोलनाक्यावर (कुठला ते सांगत नाही, परत तिथूनच जायचंय) दांडा काही वर जाईना.

"काका, जरा मागं घ्या. आता पुढं. आता थांबा," बूथमधला पोरगा म्हणाला. मग हातातलं यंत्र घेऊन आला, काचेवरून फिरवलं आणि निकाल दिला, "रीड होत नाही. यूपीआय केलं तर सव्वापट, कॅश दिली तर दुप्पट."

हा सव्वापट 15 नोव्हेंबर 2025 पासूनचा. तेव्हा शंभराच्या टोलला यूपीआयने सव्वाशे, रोखीने दोनशे. पण मला नियमाची दुसरी बाजूही ठाऊक होती. टॅग चालू असेल, खात्यात पैसे असतील आणि नाक्याचंच यंत्र बिघडलं असेल, तर गाडी फुकट सोडून शून्य रुपयांची पावती द्यायची. 2018 पासूनचा नियम आहे. मी तो खणखणीत आवाजात ऐकवला.

"यंत्र चालूय की काका. तुमच्या पुढची गाडी आत्ताच गेली."

यावर काय बोलणार? यूपीआय करायला गेलो, तर पत्र्याखाली रेंज नाही. मागून हॉर्न सुरू झाला, आणि मग मागच्या बोलेरोतून आबा उतरले.

धोतर, टोपी, कोपरी, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. कऱ्हाडला कुणाची तरी सुपारी फोडायला निघालेले. भांडायला आले असतील असं वाटलं, पण ते सल्ला द्यायला आले होते.

"टॅग काचंला चिकटवलाय न्हवं? हितंच घोटाळा हाय. हे बघा." त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला. आधी तंबाखूची चंची आली, मग चुन्याची डबी, मग आधार कार्डाची झेरॉक्स आणि तिच्या घडीत टॅग. "काचंवर उन्हानं त्येचा जीव जातो. खिशात गार ऱ्हातो."

"आबा, असा सुटा टॅग काळ्या यादीत टाकतात. जुलै 2025 मध्येच सांगितलंय महामार्ग प्राधिकरणानं."

"अजून टाकला न्हाई न्हवं? मग घ्या, माझा दाखवा."

"तो तुमच्या गाडीच्या नंबरला जोडलेला असतो."

"नंबर ऱ्हाऊ द्या नंबराच्या जागी. सरकारला पैशाशी मतलब."

मी त्यांना सांगू लागलो की टॅगमध्ये सेल नसतो. वरच्या अँटेनातून लहर येते, तिच्याच जोरावर तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. "म्हंजे कुणी हाक मारल्याबिगर बोलायचं न्हाई," आबा म्हणाले. "बरं वळण हाय."

मग त्यांनी रस्त्याकडे हात केला. "ह्या सहापदरीत माझं सात गुंठं गेलं."

"मोबदला मिळाला का?"

"मिळाला की. त्यातनंच ही बोलेरो घेतली. आता बोलेरोचा टोल भरतोय. म्हंजे पैसं जितनं आलं तितंच निघालं! लई हुशार सरकार."

पेपरातल्या अर्थविषयक पुरवण्या वाचणारा माणूस अशा वेळी गप्प बसत नाही. मी लेनमध्ये उभ्या उभ्या त्यांना रस्तेबांधणीची 'हॅम' पद्धत समजावली. पूर्वी ठेकेदार कर्ज काढून रस्ता बांधायचा आणि टोलमधून वसूल करायचा. गाड्या कमी आल्या की तोही अडकायचा आणि त्याची बँकही. म्हणून 2016 पासून असं निघालं की खर्चातले 40 टक्के सरकारने बांधकाम चालू असतानाच द्यायचे, उरलेले 60 ठेकेदाराने उभे करायचे आणि सरकारने त्याला 15 वर्षांत हप्त्यांनी व्याजासकट फेडायचे. टोल सरकारचा. गाड्या आल्या नाहीत तर ठोकर सरकारला, ठेकेदाराला नाही.

"उसाच्या बिलागत," आबा म्हणाले. "पयली उचल, मग हप्तं. पर दुसऱ्या हप्त्याला आमाला रस्त्यावर बसाय लागतंय. ह्यो ठेकेदार बसतो का?"

"नाही. त्याचे हप्ते करारातच लिहिलेले असतात."

"मग आमी उगंच ऊस लावला."

मी चेवाने 'इन्व्हिट'वर गेलो. चालू रस्त्यांचा टोल एका न्यासात घालायचा आणि त्याची युनिटं विकायची. प्राधिकरणाने 2021 मध्ये काढलेल्या न्यासात आपल्याच हायवेवरचा कागल-बेळगाव पट्टा आहे, आणि पैसे घालणाऱ्यांत कॅनडातल्या ओंटॅरिओच्या शिक्षकांचा पेन्शन फंड आहे.

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे टोल आपला आन् पेन्शन तिकडच्या मास्तरांला? आमचा धाकला मास्तरच हाय. त्येला जुनी पेन्शन न्हाई."

यावर पुरवणीत काही दिलेलं नव्हतं.

खरी चीड मला इथेच येते. गाड्या कमी आल्या तर काय, जमीन उशिरा मिळाली तर काय, व्याजदर वाढले तर काय, प्रत्येक जोखीम कुणी उचलायची यावर मोठमोठे वकील पानंच्या पानं लिहितात. दोनशे रुपयांची जोखीम मात्र लेनमध्ये उभी असते. एका बाजूला दांडा, मागे बोलेरो, तिच्या मागे उसाचा ट्रक कर्कश हॉर्न वाजवतोय, आणि यंत्र बिघडलंय हे सिद्ध करायचं मी. कसं करणार? अँटेनावर चढून?

दुप्पट दिले. पोरग्याने पावती फाडून हातावर ठेवली.

"मिटलं न्हवं? मग त्वांड गोड करा." आबांनी त्याच पावतीवर दोन पेढे ठेवले. नंतर आरशात पाहिलं, तर बोलेरोच्या खिडकीतून टॅग धरलेला हात बाहेर आला आणि दांडा लगेच वर गेला.

रात्री मेसेज आला, टॅगमधून टोल कापला गेला आहे. म्हणजे वाचलं होतं! वाचून गप्प बसलं होतं. एका खेपेला तिप्पट टोल.

बँकेत फोन केला. "टॅग रीड झालाय सर, व्यवहार बरोबर आहे. रोख घेतली असेल तर तिची पावती अपलोड करा."

पावती थर्मल कागदाची. आधीच फिकट, त्यात पेढ्यांचं तूप. तारीख दिसते, रकमेतला पहिला आकडा दिसतो, गाडीच्या नंबरावर पारदर्शक गोल आहे. फोटो चढवला तर उत्तर आलं, 'प्रतिमा अस्पष्ट आहे'. पावतीला पावडर लावून दुसरा फोटो काढला. त्यात आता तारीखही दिसत नाही.