‘उपकरण दिले की मुले आपोआप संशोधन शिकतात’ : एक प्रतिवाद

नव्या शिक्षकांना उद्देशून लिहिलेला एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : आजची मुले तंत्रज्ञानातच वाढली आहेत, नवा शिक्षकही त्याच पिढीचा आहे, तेव्हा वर्गात उपकरणे आणि इंटरनेट पुरवावे, माहिती शोधणे व पारखणे शिकवण्यात तासिका खर्च करून अभ्यासक्रम मागे पाडू नये.

यातील थोडा भाग खरा आहे. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवला, तेव्हा मुले कोणी न शिकवता तो वापरू लागली. मात्र उपकरण हाताळता येणे आणि त्यावर दिसणाऱ्या मजकुराचा खरेखोटेपणा ओळखणे यांत मोठे अंतर आहे. ‘डिजिटल नेटिव्ह’ (तंत्रज्ञानातच वाढलेली आणि म्हणून त्यात सहज वावरणारी पिढी) ही अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केलेली कल्पना हे अंतर झाकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासगटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत माध्यमिक टप्प्याच्या सुरुवातीच्या वर्गांतील ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना, ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेले असतानाही, जाहिरात ही बातमीच वाटली.

शिक्षक तरुण आहे म्हणून त्याला हे शिकवता येईल, हे विधान तर त्याहून कच्चे आहे. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षणसंशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान एकमेकांत गुंफावे लागते, आणि ही गुंफण वयाने येत नाही.

‘संकेतस्थळ नीट पाहिले की विश्वासार्हता कळते’ हा त्या मजकुरातील सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा भासतो. स्टॅनफर्डमधील संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांची तुलना केली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्याच पानावर रेंगाळले आणि नीटनेटके बोधचिन्ह किंवा संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटची ‘.org’ सारखी अक्षरे पाहून फसले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून नव्या टॅबमध्ये ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ हे शोधू लागले. ही सवय शिकवता येते. पुढे एका जिल्ह्यातील शाळांमध्ये अवघ्या सहा तासिकांत ती शिकवली गेली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांची कामगिरी नेहमीचाच अभ्यासक्रम शिकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक सुधारली. नव्या शिक्षकाने पडद्यावर स्वतः शोध घेत, आपण कोणता दुवा का टाळला आणि शोधशब्द का बदलला, हे मोठ्याने बोलून दाखवले तरी सुरुवात होते. (शोध फसला तर अधिक चांगले, मुलांना तोही पाहायला हवा.)

‘आता चॅटबॉट (प्रश्नाला संवादातून उत्तर देणारे संगणकीय साधन) थेट उत्तर देतो’ या नेहमी ऐकू येणाऱ्या युक्तिवादाला फार जागा देण्याचे कारण नाही : ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही ठामपणे देतात, त्यामुळे पडताळणीचे काम उलट वाढते.

राहिला अभ्यासक्रम मागे पडण्याचा मुद्दा. त्यासाठी स्वतंत्र विषय लागत नाही. इतिहास किंवा विज्ञानाच्या एखाद्या नेहमीच्या गृहपाठाऐवजी परस्परविरोधी दोन स्रोत द्यावेत, विद्यार्थ्याने कोणते शोधशब्द वापरले, कोणत्या स्रोतावर विश्वास ठेवला आणि का, हे लिहून घ्यावे, आणि गुण उत्तराइतकेच त्या कारणांनाही द्यावेत.